पाठीतल्या पाण्याची एक नळी: प्रायॉन आजाराची चाचणी बिनचूक व्हावी म्हणून मराठवाड्यातल्या रुग्णालयांसाठी कामाच्या पायऱ्या

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ८७ लाख होती. क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, म्हणजे सीजेडी, हा मेंदू झपाट्याने नष्ट करणारा, माणसांत सर्वाधिक आढळणारा प्रायॉन आजार जगभरात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते दोन जणांना होतो. साधे त्रैराशिक मांडले तर आपल्या भागात वर्षाला एकोणीस ते सदतीस रुग्ण निघायला हवेत. हा आजार बहुधा साठीच्या आसपास गाठतो आणि आपली लोकसंख्या युरोपपेक्षा तरुण आहे, म्हणून तो आकडा निम्म्यावर आणला, तरी महिन्याकाठी एखादा रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, लातूरला, नांदेडला, अंबाजोगाईला किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात येऊन जात असणार. माझ्या पाहण्यात मात्र पक्के निदान झालेले रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. बाकीच्यांच्या केसपेपरवर ‘डिमेन्शिया, कारण अज्ञात’ असे लिहिले जाते आणि गावात ‘बाहेरचं काहीतरी झालं’ अशी चर्चा होते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला चाचणी सुधारायची म्हटले की नवे यंत्र आणि नवे रसायन आठवते. प्रायॉनच्या बाबतीत यंत्र आणि रसायन गेल्या दीड दशकात बरेच सुधारले आहे. आपल्याकडे चाचणी फसते ती त्याआधी, म्हणजे सुई टोचताना, नळी निवडताना, फ्रीजरमध्ये किंवा टपालाच्या वाटेवर. म्हणून या लेखाचा मोठा भाग मी नमुना प्रयोगशाळेच्या दारात पोहोचेपर्यंतच्या कामाला दिला आहे. यंत्राच्या बाजूचे काम नंतर येते आणि ते ज्यांना स्वतः चाचणी उभारायची आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी थोडी ओळख. आपल्या मेंदूत प्रायॉन प्रथिन असतेच. त्याची घडी चुकली की चुकलेली प्रत शेजारच्या निरोगी प्रथिनालाही आपल्यासारखी घडी घालायला लावते आणि ही साखळी थांबत नाही. यात जिवाणू नाही, विषाणू नाही, डीएनए नाही. म्हणून कल्चर, पीसीआर किंवा प्रतिपिंडांची चाचणी यांचा येथे उपयोग होत नाही. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ‘प्रायॉन’ हा शब्द रूढ केला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत आजार आपोआप उद्भवतो, १० ते १५ टक्क्यांत तो आनुवंशिक असतो आणि उपचारांतून किंवा अन्नातून लागलेले रुग्ण एक टक्क्याहूनही कमी असतात. ब्रिटनमधील गायींच्या आजाराशी जोडलेला प्रकार १९९६ मध्ये उजेडात आला. तो वेगळा आहे. नातेवाइकांना हे स्पष्ट सांगावे, कारण ‘दुधातून झालं का, ढोरांपासून झालं का’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो.

पहिली पायरी: चाचणी कोणाची करायची

विसराळूपणा दिसला की प्रायॉनची चाचणी लावणे चुकीचे आहे आणि याचा हिशेब प्रत्येक निवासी डॉक्टरने एकदा कागदावर करून पाहावा. समजा, शंभर रुग्णांपैकी दहा जणांना खरोखर सीजेडी आहे. १४-३-३ प्रथिनाची जुनी चाचणी त्यांतील नऊ जणांना पकडते असे धरू. पण तिची अचूकता, म्हणजे आजार नसलेल्याला निगेटिव्ह ठरवण्याची क्षमता, ८० टक्के असेल, तर उरलेल्या नव्वदांपैकी अठरा जणांनाही ती पॉझिटिव्ह ठरवते. म्हणजे सत्तावीस पॉझिटिव्ह अहवालांत खरे फक्त नऊ. याच रुग्णांवर ९९ टक्के अचूक असलेली चाचणी लावली तर खोटा पॉझिटिव्ह साधारण एकच उरतो. मात्र चाचणी कितीही चांगली असली तरी शंभरऐवजी हजार सरसकट म्हाताऱ्या माणसांवर ती लावली, तर खोटे अहवाल पुन्हा डोके वर काढतातच.

म्हणून रुग्ण निवडताना वेग पाहावा. अल्झायमरची उतरण वर्षांत मोजतात. सीजेडीची आठवड्यांत मोजावी लागते आणि रुग्ण सरासरी चार-पाच महिन्यांत दगावतो. स्मरण किंवा वागणूक झपाट्याने ढासळते आहे, त्यासोबत स्नायूंचे झटके, तोल जाणे, नजरेचा गोंधळ, अंग आखडणे किंवा बोलणे बंद होणे यांपैकी काही आहे, अशा रुग्णापासून सुरुवात करावी. ‘दोन महिन्यांखाली हे स्वतः बाजारात माल विकत होते का?’ असा प्रश्न विचारला की नातेवाईक नेमके सांगतात. ‘विसरण्याचा त्रास कधीपासून?’ असे विचारले तर ‘तसा पूर्वीपासूनच’ असे मोघम उत्तर मिळते.

दुसरी पायरी: बरे होणारे आजार आधी बाहेर काढणे

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत मोलाचे काम हेच आहे. सीजेडीवर आज उपचार नाही. पण त्याचे सोंग घेऊन येणारे कित्येक आजार औषधाने बरे होतात. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर पहिल्या क्रमांकाने शोधावा. त्यानंतर बी-१२ ची कमतरता, दारूमुळे थायमिन घटून होणारा वेर्निके आजार, सोडियम कमी होणे, यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होऊन येणारी बेशुद्धी, थायरॉइड, सिफिलिस, एचआयव्ही, कवटीत साचलेले रक्त, मेंदूच्या शिरांतील गुठळी, लिथियमची विषबाधा आणि लहान वयातल्या गोवरानंतर काही वर्षांनी होणारा एसएसपीई हा मेंदूचा आजार यांचा विचार करावा. बाहेर झटका दिसत नसतानाही मेंदूत अपस्मार सुरू असू शकतो आणि तो ईईजीशिवाय, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखाशिवाय, कळत नाही.

स्वप्रतिकारशक्तीमुळे होणारा मेंदूदाह सर्वाधिक फसवतो. विशेषतः एलजीआय-१ प्रतिपिंडांच्या आजारात सोडियम घसरते आणि तोंडाची एक बाजू व त्याच बाजूचा हात क्षणभर खेचला जातो. असे झटके दिवसात अनेकदा येतात आणि ते सीजेडीचे झटके समजून सोडून दिले जातात. हा रुग्ण स्टिरॉइडने उठून बसू शकतो. म्हणून प्रतिपिंडांसाठी रक्त आणि पाठीतले पाणी (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव) असे दोन्ही नमुने प्रायॉनच्या नमुन्यासोबत त्याच दिवशी पाठवावेत. एकाचा अहवाल येईपर्यंत दुसरा अडवून ठेवू नये.

तिसरी पायरी: एमआरआय नीट मागणे

चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ लिहू नये. ‘झपाट्याने वाढणारा डिमेन्शिया, सीजेडीचा संशय, डीडब्ल्यूआय, एडीसी आणि फ्लेअर आवश्यक’ असे लिहावे. हे तिन्ही एमआरआयच्या प्रतिमांचे प्रकार आहेत. सीजेडीत मेंदूच्या सालीवर फितीसारखी पांढरी रेघ, किंवा कॉडेट आणि पुटामेन या खोलवरच्या गाठींत चमक दिसते, आणि ती डीडब्ल्यूआयमध्ये सर्वांत ठळक असते. नुकताच अपस्माराचा झटका येऊन गेला असेल तरी सालीवर अशी चमक येऊ शकते. म्हणून शेवटचा झटका कधी आला ते चिठ्ठीवर असावे. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढच्या तज्ज्ञाला पाठवणे ही आपली जुनी सवय आहे, पण या बारीक रेघा त्या फोटोत मरतात. मूळ सीडी पाठवावी.

ईईजीत सेकंदाला सुमारे एक अशा लयीत येणाऱ्या टोकदार लहरी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत कधीतरी दिसतात. पहिला ईईजी कोरा आला तर आठवड्याने पुन्हा करावा.

चौथी पायरी: पाठीतले पाणी काढणे

येथे पहिली अडचण वैद्यकीय नसते. ‘सायब, पाठीतून पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा पडतो म्हणतेत गावात. आमच्या आबांना तेवढं करू नका,’ असे एका मुलाने हात जोडून मला सांगितले होते. अशा वेळी सहीचा कागद पुढे न करता खुर्ची ओढून बसावे, सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचली जाते हे स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून दाखवावे, आणि या पाण्यातून बरा होणारा आजार सापडू शकतो हे आधी सांगावे. पंधरा मिनिटे जातात, पण नकार बहुधा मावळतो. कवटीतील दाब वाढलेला नाही, रक्त गोठण्याची अडचण नाही, हे सुई टोचण्याआधी पाहिलेले असावे.

दुसरी अडचण कर्मचाऱ्यांच्या भीतीची असते. संसर्गाच्या दृष्टीने या पाण्याचा धोका मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यापेक्षा बराच कमी आहे. हातमोजे, चष्मा, एकदाच वापरायची सुई आणि एकदाच वापरायचा ट्रे एवढी काळजी पुरते. ‘सीजेडीचा संशय आहे म्हणून एलपी (पाठीतून पाणी काढणे) करणार नाही’ या वाक्याला शास्त्राचा आधार नाही.

नमुन्याचा खरा शत्रू रक्त आहे. सुई टोचताना शीर फुटून पाण्यात रक्त मिसळले तर दोन चाचण्या दोन उलट दिशांनी बिघडतात: १४-३-३ खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि आरटी-क्विक, म्हणजे चुकलेल्या घडीचे प्रायॉन थेट शोधणारी नवी चाचणी, खोटी निगेटिव्ह. एका मायक्रोलिटरमध्ये १,२५० पेक्षा जास्त लाल पेशी, १० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी किंवा एका लिटरमध्ये १ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने असतील, तर निगेटिव्ह अहवालावर विसंबू नये. म्हणून पहिले दोन मिलिलिटर पेशी, साखर, प्रथिने आणि कल्चरसाठी वापरावेत, आणि प्रायॉनसाठी शेवटचे, काचेसारखे स्वच्छ पाणी घ्यावे. पाणी गुलाबी दिसले तर ते सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून वरचा भाग पाठवण्याचा मोह होतो. पण पेशी फुटल्या असतील तर त्यांच्यातील द्रव्ये वरच्या भागातच राहतात. दोन आठवडे थांबून पुन्हा घेणे चांगले. आणखी एक खूण लक्षात ठेवावी: सीजेडीत पेशींची संख्या बहुधा सामान्य असते. पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर आधी दुसऱ्या पायरीवर परत जावे.

नळी पॉलिप्रोपिलीनची, आट्यांच्या झाकणाची असावी. पारदर्शक, कडक पॉलिस्टायरीनच्या नळीच्या भिंतीला प्रथिने चिकटतात आणि टाऊसारख्या प्रथिनांचे आकडे खाली येतात. दोन मिलिलिटर पाणी अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या चार नळ्यांत वाटून ठेवावे, म्हणजे दर चाचणीला सगळा नमुना वितळवावा लागत नाही. नाव साध्या पेनने लिहू नये. थंडीत टिकणारे लेबल वापरावे.

पाचवी पायरी: थंडावा आणि प्रवास

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याचा उत्तम, स्वच्छ नमुना आम्ही मे महिन्यात, शुक्रवारी दुपारी रवाना केला. शनिवार-रविवार तो कुठल्याशा गोदामात पडून राहिला. सोमवारी पोहोचला तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता. दोष कुरिअरचा म्हणावा, तर शुक्रवार आम्हीच निवडला होता. तेव्हापासून आमच्याकडे अलिखित नियम आहे: असा नमुना सोमवारी किंवा मंगळवारीच निघेल आणि समोरच्या प्रयोगशाळेला आदल्या दिवशी फोन जाईल.

नमुना काढल्यापासून शक्य तितक्या लवकर, अर्ध्या तासाच्या आत, गोठवावा. उणे ८० अंश सेल्सिअस उत्तम, ते नसेल तर उणे २० वर थोडे दिवस. घरगुती धर्तीचा ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीजर टाळावा, कारण तो बर्फ जमू नये म्हणून स्वतःच अधूनमधून तापतो आणि नमुना हलकेच वितळून पुन्हा गोठत राहतो. भारनियमनाच्या दिवसांत फ्रीजर जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारून खात्री करावी. तापमानाची वही दिवसातून दोनदा भरावी आणि ती खरोखर थर्मामीटर पाहून भरावी. आरटी-क्विक ज्या बीजावर, म्हणजे चुकलेल्या घडीच्या प्रथिनावर, चालते ते बीज तसे चिवट असते आणि थोडी हेळसांड सोसते. १४-३-३ आणि टाऊ यांना मात्र ऊब सोसत नाही. नमुना कोणत्या चाचणीसाठी लागेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून काळजी नाजूक प्रथिनाची घ्यावी.

प्रवासासाठी कोरडा बर्फ वापरावा. दोन दिवसांच्या वाटेला जाड थर्मोकोलच्या पेटीत पाच किलो घालावा आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. पेटी हवाबंद करू नये. कोरड्या बर्फाचा वायू होतो आणि कोंडला तर पेटी फुटते. आत तीन आवरणे असावीत: नळी, तिच्याभोवती शोषक कापूस व गळती-रोधक डबा, आणि बाहेरची पेटी. बाहेर जैविक नमुन्यासाठी यूएन ३३७३ ची, आणि कोरड्या बर्फासाठी यूएन १८४५ ची चिठ्ठी लावावी. सोबतच्या कागदावर वय, लक्षणांची सुरुवात, पेशींची संख्या, प्रथिनांचे प्रमाण, एमआरआयचा निष्कर्ष आणि नमुना कधी काढला व कधी गोठवला त्या वेळा असाव्यात. बेंगळूरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेकडे पाठवण्यापूर्वी त्यांचा चालू नमुना-फॉर्म आणि स्वीकारण्याचे दिवस विचारून घ्यावेत.

सहावी पायरी: सांडलेले, उरलेले आणि धुण्याचे

प्रायॉन नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला जुमानत नाही. अल्कोहोल आणि फॉर्मेलिन तर त्याला पृष्ठभागावर अधिक घट्ट बसवतात. पाणी सांडले तर ते आधी टिपून घ्यावे आणि ती जागा १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने, म्हणजे लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून, किंवा २०,००० पीपीएम क्लोरीन असलेल्या हायपोक्लोराइटने एक तास ओली ठेवावी. वॉर्डात फवारतात ते १ टक्क्याचे हायपोक्लोराइट म्हणजे १०,००० पीपीएम, याच्या बरोबर अर्धे. त्यातही आपल्या उन्हाळ्यात कॅनमधील हायपोक्लोराइटची ताकद झपाट्याने उतरते, म्हणून द्रावण त्याच दिवशी तयार केलेले असावे. कॉस्टिक अॅल्युमिनियम खाते आणि हायपोक्लोराइट स्टील खाते, हे भांडी निवडताना लक्षात ठेवावे. उष्णतेने साफ करण्याजोग्या वस्तूंसाठी १३४ अंशांवर १८ मिनिटांचे ऑटोक्लेव्ह वापरतात. मेंदूचा तुकडा काढावा लागलाच, तर त्याचे ब्लॉक करण्यापूर्वी फॉर्मिक आम्लात तासभर ठेवावा लागतो.

सातवी पायरी: आरटी-क्विक उभारणाऱ्यांसाठी

ही चाचणी आजाराचीच खोड वापरते. नळीत निरोगी, प्रयोगशाळेत बनवलेले प्रायॉन प्रथिन ठेवायचे, त्यात रुग्णाचे पाणी घालायचे आणि ते थांबून-थांबून हलवत राहायचे. रुग्णाच्या पाण्यात चुकलेल्या घडीचे बीज असेल तर तंतू वाढतात आणि थायोफ्लेविन-टी हे रंगद्रव्य त्यांना चिकटून चमकू लागते. २०११ मध्ये नागासाकीच्या संशोधकांनी पाठीतल्या पाण्यावर ही पद्धत दाखवली. तेव्हा ती ८० टक्क्यांवर रुग्ण पकडत होती आणि निकालाला दिवस लागत. २०१५ मध्ये अमेरिकेतील मोन्टाना येथील प्रयोगशाळेने प्रथिन आखूड केले, तापमान ५५ अंशांवर नेले आणि किंचित एसडीएस हे साबणासारखे रसायन घातले. त्यामुळे निकाल एका दिवसात येऊ लागला, संवेदनशीलता ९० टक्क्यांच्या वर गेली आणि अचूकता ९८ ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात राहिली. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०१८ च्या निकषांत, मेंदू-मानसिक लक्षणांसोबत आरटी-क्विक पॉझिटिव्ह असेल तर ‘संभवनीय सीजेडी’ असे निदान करता येते.

उभारणीचे सगळे यश प्रथिनाच्या प्रतीवर अवलंबून आहे. ई. कोलाय जिवाणूत तयार करून शुद्ध केलेल्या प्रथिनाची प्रत्येक खेप वेगळी वागते. म्हणून नवी खेप जुन्या खेपेशेजारी, ओळखीच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुन्यांवर चालवल्याशिवाय रुग्णासाठी उघडू नये. प्रथिन वापरण्याच्या दिवशीच वितळवावे आणि बारीक चाळणीच्या फिल्टरमधून गाळून आधीच तयार झालेले गठ्ठे काढावेत. अन्यथा रुग्णाचे बीज नसतानाही नळी चमकते. प्रत्येक नमुना चाचणीच्या प्लेटमधील चार खळग्यांत लावावा. दोन किंवा अधिक खळगे चमकले तर पॉझिटिव्ह, एकच चमकला तर पुन्हा चालवावा. एका खळग्यावर निकाल देऊ नये. चमक कोणत्या रेषेपलीकडे मोजायची आणि किती तासांनी प्लेट थांबवायची हे आधी लिहून ठेवावे. आलेख पाहून रेषा हलवणे म्हणजे स्वतःलाच फसवणे होय. वाचणाऱ्याला रुग्णाचे नाव आणि एमआरआय माहीत नसावा. वर्षातून किमान एकदा दुसऱ्या प्रयोगशाळेशी झाकलेल्या नमुन्यांची अदलाबदल करावी.

चाचणीची मर्यादाही अहवालावर छापलेली असावी. प्राणघातक निद्रानाश, गर्स्टमन-स्ट्रॉइसलर-शाइंकर हा आनुवंशिक प्रकार आणि आपोआप होणाऱ्या सीजेडीचे काही दुर्मीळ उपप्रकार ती सहज निसटू देते. अशा वेळी पीआरएनपी, म्हणजे प्रायॉन प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची तपासणी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेतलेल्या रक्तावर करता येते. पण तिचा निकाल रुग्णापुरता राहत नाही, मुला-भावंडांच्या लग्नापर्यंत जातो, म्हणून समुपदेशन आणि लेखी संमतीशिवाय ती करू नये. नाकातील वासाच्या पडद्यावरून ब्रशने घेतलेला नमुना आणि त्वचेचा तुकडा यांवरही संशोधनात चांगले निकाल आले आहेत. पाठीची सुई नाकारणाऱ्या आपल्या भागात नाकाचा ब्रश पुढे फार उपयोगी ठरेल असे मला वाटते, मात्र त्यासाठी प्रशिक्षित कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि एंडोस्कोप लागतो.

आठवी पायरी: अहवालानंतर

निगेटिव्ह अहवाल आला तर आधी पेशींची संख्या पाहावी, मग नमुन्याच्या वेळा, मग एमआरआय, आणि संशय टिकून असेल तर नमुना पुन्हा घ्यावा. पॉझिटिव्ह आला तर नातेवाइकांना खोलीत बसवून, घाई न करता सांगावे: हा आजार रुग्णासोबत जेवल्याने, स्पर्शातून, एका घरात राहून लागत नाही, शुश्रूषा नेहमीसारखी करावी, अंत्यसंस्कारही नेहमीच्या रीतीने करता येतात. निर्विवाद निदान अजूनही मेंदूच्या ऊतीवरच होते आणि त्यासाठी शवविच्छेदनाची संमती लागते. आपल्याकडे अंत्यविधी त्याच दिवशी उरकण्याची रीत आहे, त्यामुळे हा विषय मृत्यूनंतर काढून काही साधत नाही. काढायचाच असेल तर रुग्ण हयात असताना, घरातल्या कर्त्या माणसाशी, एकदाच आणि आग्रह न धरता काढावा.

चार नळ्यांपैकी एक नळी कुटुंबाच्या लेखी परवानगीने उणे ८० अंशांवर मागे ठेवावी आणि तिचा क्रमांक केसपेपरवर लाल शाईने लिहावा. पुढे नवी खेप तपासताना ओळखीचा नमुना म्हणून तिचीच गरज पडते.